बालवाडीच्या बाईचं बलुतं

ज्वारी काढणीला आली की गावाचा वास बदलतो. वाळत चाललेला कडबा, तापलेली काळी माती आणि दुपारी बांधावर सोडलेली भाकरी-ठेच्याची फडकी, असा सगळा मिळून एक वास वाऱ्यावर येतो आणि मी असेन तिथे थांबते. गुडघे दुखतात म्हणून थांबले, असं सुनेला सांगते. खरं कारण सांगत बसले तर तिची भाकरी तव्यावर करपेल.

यंदा तो वास आला त्याच आठवड्यात बसवराज पत्रिका घेऊन आला. बसवराज म्हणजे आमच्या गावच्या विश्वनाथअप्पांचा नातू. आता त्याचं पोट सुटलंय, कपाळावर भस्म आणि खिशात दोन फोन असतात. माझ्या बालवाडीत मातीचा बैल करताना मात्र त्याला शिंगं आधी लावायची घाई असायची आणि धड मागून सुचायचं. महिला दिनाला माझा सत्कार ठेवलाय म्हणाला. पत्रिका जाड, कडा सोनेरी. माझ्या नावाखाली छापलंय, ‘निःस्वार्थ सेवेबद्दल’.

“बाई, तुमी पैशाकडं कंदी बघितलं न्हाई,” तो म्हणाला. “ह्ये अंगणवाडीच्या नव्या पोरींना कळाया पायजे. त्या बगा, लातूरला जाऊन बसल्यात घोषणा देत.”

“मी बघितलं न्हाई, असं कोण म्हणलं रे तुला?”

तो हसला. बाई चिडली की गंमत समजून हसायचं, ही आमच्या गावाची जुनी सोय आहे. चहा पिऊन तो गेला आणि मी त्या सोनेरी कडेवरून बोट फिरवत बसले. बाहेरून कडब्याचा वास येतच होता. अशीच एक सुगी होती. सुगी म्हणायची पद्धत म्हणून म्हणते, कारण त्या वर्षी खळ्यावर धान्यापेक्षा माणसं जास्त होती.

लातूर जिल्हा नवा झाला ते दिवस. आमचं गाव देवणीपासून पायी तासाभराच्या वाटेवर. जिल्हा झाला म्हणून पारावर पेढे वाटले, तेव्हा एका म्हाताऱ्याने विचारलं होतं, “मंग आता हिरीला पानी येतंय का?” जिल्हा नवा झाला म्हणून पाऊस काही नव्याने पडला नाही. पुढच्या सालांत तर त्याने अशी पाठ फिरवली की देवणीची उमदी जनावरंसुद्धा कातडं पांघरून उभी असल्यासारखी दिसायला लागली. मोठी माणसं पत्त्यावर जुनाच जिल्हा लिहीत. माझी पोरं मात्र “आपला जिल्हा?” म्हटलं की “लातूर!” असं एका सुरात ओरडत आणि घरी जाऊन आज्यांच्या चुका काढत.

चावडीमागे पत्र्याची एक खोली, ती आमची बालवाडी. तीन ते सहा वर्षांची पोरं, मी, आणि मदतनीस धुरपता. धुरपता बौद्धवाड्यातली. माझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठी, बोलायला कमी आणि बघायला जास्त. तिची धाकटी लेक रमा आमच्याच बालवाडीत होती. मी सातवी शिकलेली, प्रशिक्षण घेऊन आलेली, लिंगायत घरातली सून. गावात मला सगळे बाई म्हणत आणि धुरपताला धुरपते. हे तेव्हा मला खटकत नव्हतं, हेही इथे सांगून टाकते.

त्या साली टँकर हिवाळ्यातच सुरू झाला होता, त्यामुळे माझी पोरं घर-घर किंवा लग्न-लग्न खेळायची सोडून टँकर-टँकर खेळू लागली. एकजण गाल फुगवून घुर्रर्र करत यायचा आणि बाकीचे नारळाच्या करवंट्या, डब्यांची झाकणं घेऊन त्याच्यावर तुटून पडायचे. अगदी आयांसारखे. शिव्यासुद्धा तशाच. मी पहिले दोन दिवस ओरडले, मग लक्षात आलं की एवढा मोठा धडा आपल्या दारात चालत आलाय. मी नंबर लावायला शिकवलं. कोण पुढं, कोण मागं, दोघांच्या मधी कोण, शेवटी कोण. मधे घुसला त्याला सगळ्यांनी मिळून सांगायचं, “मागं जा, नंबर लाव.” महिन्याभरात पोरं भांडायची थांबली. मोजायला शिकली, थांबायला शिकली, आणि आपली पाळी आल्यावर ती सोडायची नाही, हेही शिकली.

मातीकामाला पाणी नव्हतं. “प्यायला न्हाई, अन् तुमच्या मातीच्या बैलाला कुटून आनू?” असं आया विचारत आणि ते खरंच होतं. म्हणून धुरपताने खाऊच्या आधी सगळ्यांचे हात एका घमेल्यावर धुवायला सुरुवात केली, एकाखाली एक, गडूच्या बारीक धारेने. तेच गढूळ पाणी दुसऱ्या दिवशी मातीत. त्या पाण्यातून निघालेले बैल खळ्याच्या रंगाचे व्हायचे आणि वाळले की तडकायचे. तडकलेला बैल घेऊन रमा एकदा म्हणाली, “ह्याला बी पानी न्हाई मिळालं.” तीन-चार वर्षांचं लेकरू हे बोललं. मी वहीत लिहून ठेवलं होतं. आमच्या कामाचं मोजमाप करायला येणाऱ्यांनी ती वही कधी उघडली नाही.

शाळेचे गुरुजी रस्त्यात भेटले की म्हणायचे, “बरंय बाई तुमचं. पोरं सांभाळायची, खेळवायची. शिकवायचं खरं काम आमच्याकडं.” एकदा मी म्हटलं, गुरुजी, तासभर बदलून घेऊ. आले बिचारे. अर्ध्या तासात दोघं एकमेकांना चावले, एकाने खडू खाल्ला आणि एकीने गुरुजींच्या मांडीवर बसून धोतर ओलं केलं. गुरुजी पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत. पगार मात्र त्यांनाच राहिला आणि आम्हाला मानधन. पेरणीचं बियाणं निवडायला घरातला सगळ्यात जाणता माणूस बसतो, आणि पोराच्या पहिल्या वर्षांना मात्र कुणीही चालतं, हा आमच्या शहाणपणाचा नमुना. तेव्हाही राग यायचा, आताही येतो.

त्या साली तेही मानधन थांबलं. आमची कागदं जुन्या जिल्ह्यातून निघाली होती आणि नव्यात पोचली नव्हती. कुठे अडकली, कुणाला माहीत नव्हतं. विचारायला गेलं की कचेरीतला माणूस म्हणायचा, “वाटंत हायेत.” माझे मालक दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. तिथे माझ्यासारखीला घेत होते, आणि तिथला आठवडा माझ्या महिन्यावर भारी होता. मी गेले असते तर खोलीला कुलूप लागलं असतं. पोरं आयांबरोबर खडीच्या ढिगावर, उन्हात. रोज सकाळी मी चावडीकडे निघायचे तेव्हा घरात कुणी काही बोलायचं नाही, आणि तेच जास्त टोचायचं.

मग सुगी आली. विहिरीच्या काठाकाठाने तगलेली थोडी ज्वारी होती, तेवढीच. एका संध्याकाळी अप्पांनी मला खळ्यावर बोलावलं. गावातली चार जाणती माणसं बसली होती. अप्पा म्हणाले, “बाई, तुमचं मानधन येईना, आमाला दिसायलंय. सुताराला बलुतं, न्हाव्याला बलुतं, मंग आमच्या लेकरायला वळण लावणारीला का न्हाई? गावानं ठरवलंय. आजपास्नं तुमाला बलुतं.” आणि त्यांनी स्वतः सूप भरून, फुंकर मारून, स्वच्छ ज्वारी माझ्या पदरात ओतली.

मी रडले. त्या दुष्काळात ज्याच्या-त्याच्या कणगीचा तळ दिसत होता आणि ही माणसं मूठ-मूठ काढून देत होती. अप्पांचं मन मोठं होतं, हे मी आजही म्हणेन. गाठोडं डोक्यावर घेऊन घरी आले तेव्हा वाटलं, आपलं काम गावाला कळलं. सासूने दिवा लावला. त्या आठवड्यात आम्ही पोटभर जेवलो.

धुरपताला मी दुसऱ्या दिवशी मोठ्या आनंदाने सांगितलं. ती झाडत होती. झाडतच राहिली. पोरांचे हात धुतले, भांडी घासली. शेवटी पोरं गेल्यावर उंबऱ्यात बसून म्हणाली, “माजा सासरा येसकर व्हता. साऱ्या गावाचे निरोप त्यानं पळवले. खळ्यावर त्याचा नंबर सगळ्यायच्या शेवटी. बुडाचं मातेरं त्याच्या घोंगड्यात टाकायचे, अन् वर म्हनायचे, गाव पोसतंय तुला.”

“मला तसं न्हाई दिलं, धुरपते.”

“मालूम हाय. तुमाला सुपातून दिलं. पर बलुतं त्ये बलुतंच, बाई. सासऱ्यानं एक दिस काठी चावडीला टेकवली अन् म्हनला, आजपास्नं न्हाई. त्या साली आमी अंबाडीच्या पाल्यावर दिस काडले. पर सोडलं ते सोडलं. बलुतं घेतलं की मानूस गावाचा व्हतो. पगार घेतला की कामाचा.”

मला संताप आला. घरात चार तोंडं आहेत, तुला बोलायला काय जातं, असं मी म्हणाले. ती उठली, झाडू कोपऱ्यात ठेवला आणि गेली. तिच्या पाठीकडे बघताना मला कळलं मी काय बोलले ते. तिचंही मानधन थांबलं होतं, माझ्या निम्मंच असलेलं. तिच्याही घरात चार तोंडं होती. तिला बलुतं बांधून द्यावं असं गावाच्या मनातही आलं नव्हतं. माझ्याही नाही.

तरी मी ज्वारी परत केली नाही. भूक आणि हट्ट यांच्यात मी भूक निवडली, उगाच मोठेपणा कशाला सांगू.

आठ दिवसांनी अप्पांच्या घरी नातवाचं जावळ होतं. नातू म्हणजे हाच बसवराज, तेव्हा वर्षाचा. सकाळीच निरोप आला, बाईंनी बालवाडी बंद ठेवून अप्पांच्या वाड्यावर यावं, पाहुण्यांची पोरं सांभाळायची आहेत. मी म्हटलं, माझी पोरं आलीत, दुपारून येते. निरोप्या परत आला. या वेळी मी दारात उभी होते आणि तो सोबतच्या गड्याला बोलत होता ते मला ऐकू आलं, “येत न्हाई म्हंजे? बलुतं घेतलंय की तिनं.”

मी गेले. हो, गेले. गावातल्या सगळ्या पोरांना घरी पाठवलं, खोलीला कुलूप लावलं आणि दिवसभर पाहुण्यांच्या पोरांची नाकं पुसली. कुणी वाईट वागलं नाही. जेवायला आग्रहाने वाढलं. पण पाहुण्यांतली एक बाई दुसरीला सांगत होती, “गावाची बाई हाय, पोरं बगते.” मी ताटातलं गोड तसंच ठेवलं. खाली बौद्धवाड्यात आणि गल्ल्यांमधून माझी पोरं उन्हात करवंट्या घेऊन हिंडत असतील, हेच डोळ्यांपुढे येत होतं.

दुसऱ्या दिवशी उरलेली ज्वारी मी बालवाडीत नेली आणि धुरपतापुढे ठेवली. “घुगऱ्या कर,” म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली, कारण तोवर चूल मीच पेटवत असे. लोक काय म्हणतील म्हणून सुरुवातीलाच मी तसं ठरवलं होतं आणि तिने ते एका शब्दाने बोलून दाखवलं नव्हतं. ज्वारी रात्रभर भिजवायला हवी होती, असंही ती म्हणाली नाही, शिजवत बसली दुपारपर्यंत. मीठ आणि थोडा गूळ. सगळी पोरं गोल बसली. धुरपताने आपल्या हाताने वाढलं, अप्पांच्या घरच्या पोरांनाही. पोरं बोटं चाटत होती. पोरांना कसलाच प्रश्न पडला नव्हता.

संध्याकाळी मी खळ्यावर गेले. अप्पा एकटेच होते. मी उभ्यानेच सांगितलं, “अप्पा, तुमचं बलुतं मी लेकरायच्या पोटात घातलं. आता मला बलुतं नगं.”

“गावानं पोटाला चिमटा काढून दिलं, बाई. त्याचा ह्यो मान?”

“तुमी दिलेलं इसरणार न्हाई. पर माझं येणं तुमच्याकडं न्हाईच मुळी. ज्यायच्याकडं हाय त्यायच्याकडं मी चालले, लातूरला. पोरं घेऊन. तुमाला खरंच द्यायचं आसल तर माज्यासंगं या.”

अप्पा रागावले. खराटा उचलून रिकामं खळं झाडायला लागले. मी परत आले. गावाला दुखवून गावात राहायचं, ही सोपी गोष्ट नसते.

सोमवारी पहाटे चावडीपुढे एक बैलगाडी उभी होती. अप्पा आले नव्हते, त्यांची बैलजोडी आली होती. पोरं, त्यांच्या पाच-सहा आया, धुरपता आणि मी उदगीरच्या एसटीपर्यंत गाडीत गेलो. लहान पोरांना तिकीट नसतं, म्हणून त्या दिवशी आमची सगळीच पोरं लहान होती. कंडक्टर एकाकडे बोट दाखवून म्हणाला, “ह्ये तर पाच वर्साचं दिसायलंय.” धुरपता म्हणाली, “पाचाचं ह्ये एवढुसंच ऱ्हात असतंय व्हय?” ते खरंच पाचाचं होतं. कंडक्टरने त्याच्या मनगटाकडे पाहिलं आणि पुढे गेला.

नव्या कचेरीच्या भिंतींना अजून चुन्याचा वास होता आणि काही खुर्च्यांचं गोणपाट सोडलेलं नव्हतं. आम्ही व्हरांड्यात सतरंजी अंथरली, पोरं गोल बसवली. आतून एकजण धावत आला. “इथं पोरं आणायची न्हाईत, बाई.”

“मंग कुटं नेऊ? ह्यांची शाळा तुमच्या कपाटात हाय.”

आणि मी बालवाडी भरवली. रोजची. गाणं झालं, गोष्ट झाली, खडे वेगळे करून झाले, बारीक इकडे, जाड तिकडे. कारकून दारातून बघत होते. पोरांना तहान लागली तेव्हा कोपऱ्यातल्या माठापुढे त्यांनी आपण होऊन रांग लावली. माठाजवळ शिपाई उभा राहिला, अडवावं की नाही हे त्याला ठरवता येईना. तेवढ्यात आतले साहेब बाहेर आले. गोंधळ कसला म्हणून पाहायला आले असतील. घाईत होते, पेला उचलून त्यांनी सरळ माठाकडे हात नेला.

रांगेत पुढे रमा होती. तिने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि रोज सांगते तसं सांगितलं, “मागं जा. नंबर लाव.”

मी धुरपताकडे पाहिलं. तिचा हात तोंडावर होता आणि डोळे भरून आले होते. साहेबांनी रमाकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं आणि खरंच शेवटी जाऊन उभे राहिले. एकेक पोर पाणी पीत होतं, सावकाश, थेंब न सांडता. पाळीची वाट बघत त्यांनी मला विचारलं, “हे यांना कुणी शिकवलं?”

“आम्ही,” मी म्हणाले. “दोघींनी. आणि त्याचा पगार मागायला आलोय.”

उन्हाळा सरायच्या आत थांबलेलं मानधन आलं. माझं आणि धुरपताचं. मानधनच. पगार हा शब्द मात्र तेव्हा आला नाही आणि मी काम सोडेपर्यंत आला नाही. आम्ही किती वेळा लातूरला जाऊन बसलो, कधी नांदेडला, देगलूरच्या बायांसोबत, याचा हिशेब मी ठेवला नाही. रमाची मुलगी सुकेशनी आता आमच्या गावची अंगणवाडी ताई आहे. लेकरांची वजनं घेते, गरोदर बायांच्या दारी जाते, फोनवर माहिती भरते, आणि उरलेल्या वेळात शिकवते. तिलाही मानधनच. लातूरला घोषणा देत बसलेल्या पोरींमध्ये ती पुढे आहे. बसवराजचा मुलगा पिवळ्या बसमधून उदगीरच्या नर्सरीत जातो. तिथे बसवराज फी भरतो आणि पावती नीट जपून ठेवतो. सेवा फक्त गावातल्या बाईने करायची असते.

पत्रिका घेऊन मी काल बौद्धवाड्यात गेले. धुरपता अंगणात उन्हाला बसली होती. तिला आता दिसत नाही, पण माझं पाऊल ओळखते. मी सगळं सांगितलं. शाल, नारळ, हार. तिचं नाव पत्रिकेत कुठेच नाही, हेही सांगितलं. ती कागदावरून हात फिरवत राहिली, सोनेरी कडेपर्यंत.

“लई जाड कागद हाय,” म्हणाली. “काय लिवलंय?”

“निःस्वार्थ सेवा.”

“म्हंजी?”

“म्हंजे आपल्याला काई नगं व्हतं.”

शेजारच्या रानात कुणीतरी ज्वारीची ताटं उपटत होतं, त्याचा वास अंगणात आला होता.

“अन् पगाराचं काय लिवलंय?”

“काईच न्हाई.”

“मंग वापस दे जा,” धुरपता म्हणाली आणि पत्रिका माझ्या हातात ठेवली. “अन् मला बी धर. दोघी जाऊ.”

मी तिला हाताला धरून उठवलं.